बाबा फोनवर येत नाहीत

२ डिसेंबर, मंगळवार

आजही बाबा फोनवर आले नाहीत. सलग अकरावा दिवस! आई म्हणाली, "झोपलेत." काल "देवळात गेलेत", परवा "आंघोळीला गेलेत". आईचंही काहीतरी बिनसलंय. व्हिडिओ लावू देत नाही – रेंज नाही म्हणे – आणि दोन मिनिटांत फोन ठेवते. एरवी "आता ठेव गं बाई" असं मला म्हणावं लागायचं. नक्की काहीतरी लपवतेय.

३ डिसेंबर

लॅबमध्ये कवळी बिघडवली. मेणात दात बसवताना डावा सुळा उजवीकडे लावला. साहेबांनी कवळी फक्त माझ्यापुढे ठेवली. मेण खरवडून सगळं पहिल्यापासून केलं.

मला आमचं घर ठाऊक आहे. आजी गेली तेव्हा माझी परीक्षा चालू होती, म्हणून मला तेरावं उरकल्यावर कळवलं. तेव्हा तर मी चार तासांच्या अंतरावर होते. आता परदेशात आहे म्हटल्यावर हे लोक मला काय सांगणार! बाबांना काही झालं असेल तर? या वाक्याच्या पुढे विचार जातच नाही.

५ डिसेंबर

दादाला सरळ विचारलं. "अगं, बाबा एकदम फर्स्टक्लास!" फार पटकन म्हणाला. दादाच्या तोंडी इंग्रजी आलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

६ डिसेंबर, शनिवार

नर्सताई आणि पोपटने मला ओढतच बाजाराला नेलं. नर्सताई माझ्या शेजारच्या खोलीत राहते. पोपट तिसऱ्या खोलीत – तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही म्हणून हे नाव. वर्षअखेरच्या सुट्ट्यांचा बाजार, शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये. प्रत्येक देशाचं एक टेबल. लोकरीचं, मातीचं, लाकडाचं काय काय मांडलेलं, आणि टेबलामागे सगळीकडे आपल्यासारखीच घरापासून लांब आलेली माणसं. पोपटने अर्ध्या तासात निम्म्या जगाशी ओळख करून घेतली. माझं लक्ष फोनकडे.

बाबांसाठी एक मफलर घेतला. करडा, मऊ. पैसे देताना मनात आलं – घालायला माणूस आहे ना? आणि तिथेच रडू फुटलं. विकणारी बाई घाबरली. तिला वाटलं, भाव परवडला नाही. बिचारीने किंमत निम्म्यावर आणली! मी नाही नाही म्हणतेय तोवर पोपटने त्याच भावात स्वतःसाठी दुसरा मफलर उचललाही. रडता रडता हसू आलं.

नर्सताईने कोपऱ्यात बसवून पाणी दिलं. "रडून काय होणार? घरचे ज्याला पढवायला विसरले असतील, अशा कुणाला तरी फोन कर." कुणाला करणार? शेजारीपाजारी सगळे पढवलेले असणार. समोरच्या टेबलावर एकजण चुरगळलेले टेबलक्लॉथ इस्त्री करत होता. आमच्या बिल्डिंगखालचे इस्त्रीवाले काका आठवले! बाबांचे शर्ट त्यांच्याकडेच जातात. नंबर होताच, लावला.

"साहेब ना? आत्ताच डबा घेऊन गेले की. चालतच गेले." चालतायत. डबा नेतायत. बाबा आहेत!

"डबा कुठे नेतात?" काका घुटमळले. "ते तुम्ही घरीच विचारा, ताई." म्हटलं, उद्या सकाळी ते दिसले की त्यांच्या हातात फोन द्या, घरी सांगू नका. "देतो," म्हणाले.

म्हणजे वाईट काही नाही. मग तोंड का लपवतायत? माझ्यावर रागावलेत का? दोन वर्षं घरी गेले नाही त्याचा राग? डबा ऐकल्यावर नर्सताईने काहीतरी ताडलंय. विचारलं तर म्हणाली, "उद्या कळेलच."

७ डिसेंबर, रविवार

काकांनी फोन लावून दिला. बाबांचा आवाज खणखणीत. "मला काय धाड भरलीय? मला खोटं बोलता येत नाही, म्हणून हे लोक मला तुझ्याशी बोलू देत नाहीत."

आई सोळा दिवस हॉस्पिटलात आहे. फुफ्फुसांचं दुखणं. माझ्याशी दोन मिनिटं धाप न लागता बोलता यावं म्हणून रोज आधी अर्धा तास ऑक्सिजन लावून पडून राहते.