आपलेच दात, आपलेच ओठ

३ मार्च, सोमवार

दात! नुसता दात!

ओठ नाही, नस नाही, मेंदू नाही. वरचा पुढचा डावा दात अर्धा मिलिमीटर बाहेर आलाय आणि जरासा फिरलाय. त्याची कड आतून ओठाला टोचते, म्हणून ओठ अंग चोरतो — हे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे शब्द. आठ महिने मी जो माझा शेवट समजत होते, तो एवढाच. ओठ अंग चोरत होता.

गेले होते दाढेसाठी. त्यांनी सहज विचारलं, काय करता. ट्रॉम्बोन वाजवते म्हटलं. मग हाताने नळी पुढेमागे करून दाखवावी लागली, नेहमीसारखी. आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं — जुलैपासून वरचे सूर थरथरतात. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही जबडा वासून, जिभेवर आरसा असताना!

माउथपीस पर्समध्येच होतं. त्यांनी ते ओठांवर धरायला लावलं, बोटाने ओठ उचलून पाहिला, "हं" म्हणाल्या. दाताच्या कडेवर मेणाचा एवढासा गोळा दाबला. आता फुंका, म्हणाल्या.

वरचा बी फ्लॅट. सरळ. सुईत ओवावा असा. बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज एकदम थांबली.

जिन्यात बसून रडून घेतलं. दाढेचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.

४ मार्च

काल नवऱ्याला सगळं सांगितलं. जुलैत एका मैफलीत सूर फाटला तिथपासून. मग गुपचूप वाचत बसणं — ओठाचे स्नायू मेंदूचं ऐकेनासे होतात, त्यावर औषध नाही, चांगले चांगले वाजवणारे वाद्य विकून मोकळे होतात. मी माझंही निदान करून टाकलं होतं. डॉक्टरकडे गेले नाही. गेले असते तर खरं झालं असतं ना.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्यामुळे घरी शांत असतो. सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, "आठ महिने? म्हणजे मी काय या घरात भाडेकरू आहे?"

सकाळी चहा ठेवताना स्वतःच म्हणाला — आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे. हसला. म्हणजे राग निवळला. अर्धा तरी.

५ मार्च

भलतीच पंचाईत.

सतरा-अठराला माझं एकटीचं रेकॉर्डिंग. पोहण्याचा तलाव फरशा बदलायला रिकामा केलाय, एकोणीसला पुन्हा पाणी सोडणार. रिकाम्या तलावात एक सूर सोडला की सहा-सात सेकंद फिरत राहतो. दोन दिवस मिळावेत म्हणून मी तीन अर्ज केलेत. तारीख पुढे ढकलणं शक्य नाही.

आणि त्यात वाजवायचे माझे सहा तुकडे या आठ महिन्यांतच झालेत. वरचे सूर येत नव्हते, म्हणून खाली राहायला शिकले. लांब सूर टिकत नव्हता, म्हणून छोटे. कधी नुसती हवा. कधी वाजवता वाजवता घशातून गाणं. मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी वाडगा ट्रॉम्बोनच्या तोंडाशी धरून बोलल्यासारखं वाजवणं. चौथा तुकडा तर सगळा त्या थरथरीचाच. ती काही जात नव्हती, म्हटलं, ये, बस, तुझंच गाणं करते.

आज डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मेण लावून चौथा वाजवला. स्वच्छ! नुकती सफेदी केलेल्या भिंतीसारखा. कुठे हात लावावासा वाटेना.

मेण काढून वाजवला. होता तिथे.

७ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन. कड घासायला वीस मिनिटं, दुखणार नाही. पण घासलेला दात परत येत नाही. उद्याच या म्हणाल्या. मी वीस तारीख मागितली. मग म्हणाल्या, दात कधी काढून टाकताय असं विचारणारे रोज भेटतात, थोडे दिवस राहू दे म्हणणारी तुम्हीच पहिली.

सत्तावीसला आमच्या चौघांच्या बँडचा कार्यक्रम आहे. मध्ये सात दिवस. पुरतील का? पुरायला हवेत.

उद्या दादाकडे तालीम. सांगायचं.

९ मार्च, रविवार

कालचं लिहायला आज बसतेय.

दादाच्या जेवणाच्या खोलीत आम्ही बारा वर्षं वाजवतोय. दादा पियानोवर. बेसवर मास्तर — भूगोलाचे होते, निवृत्त झाले तरी अजून नकाशा समजावल्यासारखे बोलतात. ड्रमवर घड्याळ. ठेका केसभरही चुकत नाही, तालमीला मात्र दर वेळी चाळीस मिनिटं उशिरा, म्हणून हे नाव.

काल तोही वेळेवर. मी ट्रॉम्बोन जोडलाच नाही. खुर्चीत बसून सांगून टाकलं — जुलै, थरथर, मी काय काय समजले, शेवटी दात. मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

दादा म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दात माहीत नव्हता. बाकी सप्टेंबरपासून माहीत आहे."

मग एकेक बाहेर आलं. सप्टेंबरात दादाने सगळ्या धुनांची पट्टी उतरवली होती. कारण सांगितलं होतं की पियानोच्या वरच्या पट्ट्या नीट लागत नाहीत. पियानोला काहीही झालेलं नव्हतं. मास्तरांनी एक संथ धून यादीतून काढून टाकली होती, तिचा कंटाळा आला असं सांगून. त्यांना कंटाळा आलेला नव्हता. तीत माझा एक सूर आठ मात्रा धरायचा असतो.

आणि घड्याळ! माझा वरचा सूर यायच्या नेमक्या वेळी तो मोठी झांज वाजवायचा. मी त्याला दोनदा झापलंय. चारचौघांत. माझ्या अंगावर काय वाजवतोस, स्वतःचाच तोरा मिरवायचाय का, म्हणून. दोन्ही वेळा तो "सॉरी" म्हणाला होता. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तिथेच झांज.

मी सगळ्यांपासून झाकत होते आणि ते तिघं मला झाकत होते. तेही कुणाला ताकास तूर लागू न देता.

मी दादाला म्हटलं, सांगायचं होतंस. तो म्हणाला, तू सांगायचं होतंस. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण पुढे जाईना.

मग दुसऱ्या गोष्टीवरून झालंच. वीस तारीख ऐकून दादा उखडला. आधी दात नीट कर, मग रेकॉर्डिंग. वाकड्या दाताचं रेकॉर्ड काढून लोकांना काय देणार आहेस, आजारपण? मी म्हटलं, तू ते तुकडे ऐकलेले नाहीस. तो म्हणाला, तू ऐकवलेच नाहीस.

हेही बरोबरच.

१२ मार्च

तीन दिवस लाज वाटली. कार्यक्रम आठवून आठवून, कुठे कुठे झांज होती ते. आज सकाळी भांडी लावता लावता एकदम हसू आलं. आठ महिने आपण एकटी लढतोय असं धरून चालले होते. आणि चार माणसांची फौज आजूबाजूला उभी. नवरा धरून चार — तोही म्हणतो, झोपेत तू ओठ चावायचीस, मला वाटलं ऑफिसातल्यासारखं काही टेन्शन असेल. मला ऑफिसच नाही!

घड्याळला फोन करून माफी मागितली. म्हणाला, झांज मलाही आवडायला लागली होती.

१४ मार्च

दादाचा फोन नाही. माझाही नाही.

१७ मार्च, सोमवार

तलावाचा पहिला दिवस. वाया.

खोल भागात उतरले. निळ्या फरशा, मधेमधे उखडलेल्या, सिमेंटचा वास. वर काठावर रेकॉर्डिंगवाली तिच्या यंत्रांसह. ती म्हणाली, तुमचा श्वाससुद्धा येतोय, छान येतोय. तेच ऐकून बिघडलं. पाठीमागे पियानो नाही, बेस नाही, चुकले तर वर टाकायला झांज नाही. जे वाजवलं ते फिरून आपल्याच अंगावर. चौथा तुकडा अकरा वेळा. थरथरही येईना! आठ महिने नको असताना पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून होती, आणि आज बोलावलं तर पत्ता नाही.

दादाचं खरं वाटायला लागलं. दुपारी तर पर्समधलं मेणसुद्धा चाचपून बघितलं.

लावलं नाही.

१८ मार्च

झालं! सहाच्या सहा झाले.

नवरा सुट्टी काढून आला. खोल भागाच्या कोपऱ्यात टॉवेल टाकून बसला. त्याला सांगितलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही. तो लिफ्टच्या खड्ड्यात तासन्‌तास बसतो, त्याला हे काय. कालच्यात आणि आजच्यात फरक एवढाच की कुणीतरी खाली माझ्या पातळीवर बसलं होतं.

त्याच्यासाठीच वाजवलं. आठ महिन्यांत त्याला सांगितलं नव्हतं ते सगळं. पहिले तीन एका दमात. चौथ्याला ओठ अंग चोरू लागला, मी म्हटलं, चोर. सूर फाटला, फाटलेला तलावभर फिरला, परत येईपर्यंत पुढचा त्यात मिसळला. शेवटी नुसती हवा राहिली. ती कधी संपली ते मलाही कळलं नाही. वर रेकॉर्डिंगवालीने बराच वेळ बटण बंद केलं नाही.

नवरा म्हणाला, "मला यातलं कळत नाही. पण तुला काय होत होतं ते आत्ता कळलं."

संध्याकाळी चौथा तुकडा दादाला पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

१९ मार्च

दादाचा निरोप. "तीनदा ऐकला. मी चुकलो. घासून घे आता."

दादाने "मी चुकलो" लिहिलेलं मी उभ्या आयुष्यात प्रथमच पाहतेय. फोटो काढून ठेवलाय.

२० मार्च

घासला. वीस मिनिटं नाही, बारा. खुर्चीत घाम फुटला होता. डॉक्टरीणबाई थोडं घासायच्या, माउथपीस धरायला लावायच्या, पुन्हा थोडं. शेवटी जीभ फिरवली — कड नाही. घरात रोज पायाला लागणारा उंबरठा कुणीतरी काढून नेल्यासारखं.

दाढेचंही विचारलं या वेळी. किडलेली आहे.

२३ मार्च

तीन दिवस हळूहळू वाजवतेय. वरचे येतात. पहिल्या दिवशी बोबडे, काल बरे, आज नीट.

थरथर गेली. मुद्दाम आणून पाहिली, येत नाही. तलावात राहिली तेवढीच. क्षणभर चुटपुट लागली. क्षणभरच! मग खिडकी उघडून वरचा बी फ्लॅट समोरच्या इमारतीत पाठवला. कुणीतरी खिडकी लावून घेतली. बरं वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

पुस्तकांच्या दुकानावरचा छोटा हॉल. साठ खुर्च्या, पन्नास भरलेल्या. पहिल्या धुनेच्या आधी दादाने मान वळवून विचारलं, कुठली पट्टी? मी म्हटलं, जुनी.

काढून टाकलेली ती संथ धून यादीत परत आली होती; तिच्यातला तो लांब सूर जवळ यायला लागला तसं पाठीला कळत होतं की तिघंही श्वास धरून आहेत. घड्याळने झांजेवरचा हात मागे घेतला. जागा मोकळी सोडली. मी वर गेले. लोण्यासारखा आला म्हणणार नाही, जरा खरखरीत आला. पण आला, उभा राहिला, आठ मात्रा राहिला. मास्तरांनी खालून बेसचा एकच सूर लावला. शिक्षक बरोबर उत्तरापुढे खूण करतात तसा.

कार्यक्रम संपल्यावर चौघांनी मिळून एवढं खाल्लं की नवऱ्याने आम्हाला दोन फेऱ्यांत घरी सोडलं. उरावरचा दगड गेला म्हणतात तो असा जातो. आधी भूक लागते.

३० मार्च, रविवार

दुपारी दादा आला. कधी न कळवता येत नाही. चहा नको म्हणाला, सोफ्यावर माझ्या उजव्या हाताला बसला.

त्याच्या डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालंय. डिसेंबरपासून. दोन डॉक्टर झाले, दोघांनीही तेच सांगितलं — परत येणार नाही. वहिनीलाही अजून माहीत नाही. "तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस," म्हणाला, "तेव्हापासून रोज म्हणतोय, आज सांगू."

मी काहीतरी बोलले. बहुतेक फार मोठ्याने.

"ओरडू नकोस," दादा म्हणाला. "उजवा चांगला आहे."

मी उठले आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.