सदतीस निरगाठी

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचा. प्रत्यक्षात मी खुर्चीवर बसले आहे आणि पाठीत उसण भरल्यामुळे धड वाकताही येत नाही. जे केलं नाही ते लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून खुलासा.) मामींचा खोकला कसा आहे? तुमचा रक्तदाब? आणि गुडघे? रोज किती चालता? जिने चढता येतात का? उतारावर काठी लागते का? सविस्तर कळवा. इकडे सगळं ठीक. आईच्या तक्रारी नेहमीच्या जोमाने चालू आहेत, त्यावरून तब्येत उत्तम असावी असं धरून चालले आहे.

पत्राला बारा दिवस उशीर झाला. रोज डायरीत 'मामांना पत्र लिहिणे' अशी नोंद आहे आणि तिच्यापुढे 'झाले नाही'. एका दिवशी नुसतंच 'का?' असं लिहिलेलं आहे. उत्तर त्या पानावर नाही, म्हणून इथे देते.

गेल्या महिन्यात मला इथल्या नगरपालिकेत मोफत औषधांची कार्डं तपासायला पाठवलं. काम तुम्हाला सांगायला नकोच, पण मामीही पत्र वाचतात म्हणून लिहिते: ज्यांचं उत्पन्न कमी आहे आणि जे शहरातच राहतात त्यांना पालिकेच्या दवाखान्यातून औषधं फुकट मिळतात, आणि ती घेणारा माणूस खरंच पात्र आहे का, हे आम्ही वर्षातून एकदा फाइली उघडून बघतो. फाइली चारशे तीस. खोली तीच, जिथे तुम्ही अकरा वर्षं तपासणी केलीत. जिन्याखाली. खिडकी आहे, पण तिच्यापुढे कपाट. पंखा आहे, पण कागद उडतात म्हणून त्याच्या बटणावर चिकटपट्टी. आणि तात्याही तेच. (फाइली सांभाळणारे लिपिक, मामी. केस गेले, आवाज तोच.) मी तुमची भाची हे कळल्यावर त्यांनी खुर्ची रुमालाने पुसून दिली आणि म्हणाले, "मग काय मॅडम, दहावीच घेणार ना?" मी म्हटलं, अर्थात. आपल्या खात्यात सगळेच दर दहावी फाइल घेतात, कारण सगळ्यांना तुम्हीच शिकवलंत.

दहावी उघडली. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, सह्या, शिक्के. विसावी तशीच. तिसावी तशीच. चाळिसावीपर्यंत मी अस्वस्थ झाले. वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही फाइल अशी पाहिलेली नाही की जिच्यात काहीतरी तिरकं चिकटवलेलं नाही. त्या दिवशी डायरीत लिहिलं: 'सर्व बरोबर आहे. माझं काय चुकतंय?'

दुसऱ्या दिवशी साठाव्या फाइलीशी असताना आईचा फोन आला. कुकरची शिट्टी होत नव्हती आणि त्याला मी जबाबदार होते, कारण दिवाणखान्याच्या गेल्या साफसफाईत (कुकर आणि दिवाणखाना यांचा संबंध विचारू नका, मीही विचारला नाही) रबराची रिंग मी कुठेतरी ठेवली होती. फोन खांद्यात धरून मी साठच्या जागी एकसष्ट ओढली. तोवर मी फाइलींना बांधलेल्या फितींकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण लक्ष द्यावं लागत नव्हतं. टोक ओढलं की सुटणारी छान सुरगाठ. एकसष्टला निरगाठ होती. तीही अशी की नख शिरवायला जागा नाही. मी पेनचं टोक घातलं, चावी घातली आणि शेवटी आसपास कोणी नाही हे पाहून दात लावले. दात लावलेले असतानाच तात्या चहा घेऊन आत आले. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि वाकून फाइलीचा नंबर वाचला.

"मॅडम, ती साठ नाहीये," ते म्हणाले. "साठ मी देतो ना काढून. ह्या गाठी सुटत नाहीत हो. मीच बांधल्यात."

सुटली. आत रहिवासाच्या दाखल्याच्या जागी अर्धा कागद, तात्यांच्या अक्षरात: 'सदर इसम पुलाखाली राहतो. पुलाला घर क्रमांक नाही. मी स्वतः पाहिले आहे.' सही, तारीख. खाली दर वर्षीची नोंद: 'अजून तिथेच.' अशी सहा वेळा. हा माणूस पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला मधुमेह आहे. इन्सुलिनची बाटली दवाखान्यातला औषधवाला आपल्या फ्रिजमध्ये ठेवतो, कारण पुलाखाली फ्रिज नाही. हा सकाळ-संध्याकाळ येऊन टोचून घेतो. कार्ड थांबलं की बाटली थांबली.

त्यानंतर मला राहवलं नाही. नियमात बसत नसताना मी उरलेल्या सगळ्या फाइली उघडल्या. तीन दिवस, एक नख आणि बहुधा एका दाताचा कोपरा गेला. निरगाठी ह्या सगळ्यांनाच होत्या, म्हणजे वरून फरक कळू नये. पण आत कागदांऐवजी नुसत्या तात्यांच्या नोंदी असलेल्या फाइली निघाल्या सदतीस. एक बाई बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या तिकीट खिडकीत राहते. दुसरीच्या उत्पन्नात नवऱ्याचा पगार धरायला हवा. तिथे नोंद: 'नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. कुठे ते तिलाही माहीत नाही. परत आल्यास कळवीन.' एका आजोबांचं वय जन्मनोंदीप्रमाणे अकरा निघतं. नोंद: 'कवळी आहे. मी स्वतः पाहिली आहे.' तात्यांची पद्धत साधी होती. नवा अर्ज आला की नंबर देण्याआधी कागद बघायचे. शेवटी शून्य येणारे नंबर सगळे कागद असलेल्यांसाठीच राखून ठेवायचे.

आणि शून्यवाले? त्यातल्या एकाच्या घरी मी गेले, नियमाप्रमाणे. दुमजली घर, फाटकावर कुत्रा, गृहस्थांनी दारातच माझ्या हातात उत्पन्नाचा दाखला ठेवला. "सगळं व्यवस्थित आहे बघा, मॅडम." होतं. त्यांचे कागद इतके पूर्ण आहेत की त्यांना वगळायला माझ्याकडे कागद नाही. (संशय नोंदवला आहे. उत्पन्नाची चौकशी दुसरं खातं करतं. त्या खात्याला मी पत्र पाठवलं, त्यांनी ते मिळाल्याचं पत्र पाठवलं.)

मी तात्यांना विचारलं, मामांना हे माहीत होतं का? ते फीत गुंडाळत म्हणाले, "मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. फक्त शेवटच्या वर्षी जाताना म्हणाले, तात्या, गाठी फार घट्ट बांधता हो, नख तुटलं माझं." शून्यवाल्या फाइलींना निरगाठ नसते, मामा. तेव्हा तुमचं नख कुठे तुटलं, हे मीही विचारत नाही.

आता माझं. एकसष्ट उघडलीच नाही असं समजता आलं असतं. तसं मी डायरीत लिहून पाहिलं. वाक्य व्याकरणशुद्ध होतं, पण अक्षर माझं वाटेना. शिवाय पुढच्या वर्षीपासून फाइली संगणक निवडणार आहे, आणि त्याला तात्यांच्या गाठी कळणार नाहीत. दुसरा मार्ग, सदतीस अपात्र लिहायचे. म्हणजे त्याच दिवशी कार्डं बंद. मी नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि चाळिसाव्या पानावर सापडलं: कागद नसेल तिथे स्थळपाहणीची नोंद चालते, मात्र तिच्यावर दोन सह्या हव्यात. एक कार्यालयाची, दुसरी बाहेरच्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याची, ज्याने ती जागा स्वतः जाऊन पाहिली आहे. मी आनंदाने तात्यांना दाखवलं. त्यांना पाठ होतं. शहरात असे अधिकारी तीनच. एकांना दिसत नाही, दुसऱ्यांना पाहायचं नाही, तिसरे वारले.

तरीही मी आक्षेप लिहिला: 'सदतीस प्रकरणी दुसरी सही नाही. साठ दिवसांत पूर्तता करावी, अन्यथा कार्डे स्थगित.' तात्यांनी तो दोनदा वाचला. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही साहेबांपेक्षा हुशार असाल. पण साहेब बरे होते." मग चहाचा कप उचलून नेला. त्यात अजून चहा होता.

मी बरोबर केलं का? यावर तुमचं मत कळवावं, एवढ्यासाठीच हे पत्र. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. गुडघ्यांची चौकशी मी वर केली ती निव्वळ प्रेमापोटी नव्हती. साठातले बारा दिवस गेले, अठ्ठेचाळीस उरले. तुम्ही निवृत्त अधिकारी आहात आणि तो नियम शहराबाहेरच्या माणसाला मनाई करत नाही. तपासणाऱ्याच्या नात्यातल्या माणसालाही नाही. (तरी मी वरिष्ठांना लेखी विचारलं. त्यांनी 'हरकत नाही' असं लिहून खाली स्वतःचं गुडघ्याचं दुखणं कळवलं.) सदतीस ठिकाणं आहेत. रोज पाच धरली तर आठ दिवस. जिने फक्त चार ठिकाणी.

ता. क. २. तुमच्या जुन्या अहवालांचा विषय मी कुठेही काढलेला नाही. हे वाक्य धमकीसारखं वाटतंय, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडलं तर खोडलेलं दिसेल, आणि खाडाखोड मला चालत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. तेव्हा धमकी नाही असं समजून वाचावं.

ता. क. ३. रबराची रिंग सापडली. आईच्या पर्समध्ये होती. तिचं म्हणणं, मीच ठेवली.

ता. क. ४. तात्यांना तुम्ही येणार असं मी अजून सांगितलेलं नाही, कारण तुम्ही येणार असं तुम्ही अजून सांगितलेलं नाही. पण काल मी पुलाखाली जाऊन आले. उतार आहे, काठी आणा. घड्याळवाल्यांना सांगितलं, एक साहेब कदाचित सहीसाठी येतील, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी आतून एक खुर्ची काढून ठेवली आहे. डुगडुगत नाही. मी स्वतः बसून पाहिली आहे.