मानसशास्त्राच्या पदवीपासून झालेल्या लाभाचा खुलासा

प्रति,
मा. कर्ज-शिष्यवृत्ती वसुली अधिकारी,
ठाणे.

अर्जदार : कमलाकांत बुधा तांडेल, राहणार घिवली, तालुका पालघर.

विषय : अर्जदाराच्या बी.ए. पदवीच्या आर्थिक लाभाचा खुलासा सादर करणे व त्यावरून बहीण कु. हंसा हिचे शिक्षणकर्ज न नाकारणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. कशि/वसुली/४१७, दि. ३ जून १९६८.

महोदय,

१. संदर्भीय पत्रान्वये आपण विचारणा केली आहे की, अर्जदाराने सरकारी कर्जाचे २,१०० रुपये उचलून मानसशास्त्रात बी.ए. केले, पंचवीस रुपयांचे नऊ हप्ते थकवले, आणि आता त्याच घरातून त्याच विषयासाठी दुसरा अर्ज कसा येतो. पहिल्या पदवीपासून झालेल्या लाभाचा खुलासा वीस तारखेच्या आत न आल्यास हंसाचा अर्ज दप्तरी दाखल होणार आहे. प्रश्न रास्त आहे. अर्जदाराच्या पोटात तो दोन वर्षे आहे, फक्त आजवर कोणी लेखी विचारला नव्हता.

२. प्रथम विषयाच्या निवडीबाबत. जून महिन्यात आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून झाकाव्या लागतात. त्या वर्षी माणसे कमी होती म्हणून अर्जदार आठ दिवस थांबला. कॉलेजात पोचेपर्यंत अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. खिडकीवरील कारकुनाने मानसशास्त्र रिकामे आहे असे सांगितले व अर्जदाराने मान डोलावली. आपल्याला त्या विषयाची लहानपणापासून आवड होती, असे तो पुढे चारचौघांत सांगत आला, हे येथे कबूल करणे भाग आहे.

३. आता मिळकत. अर्जदार तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर आहे. पगार १२५ रुपये. अर्जदाराचा चुलतभाऊ पुंडलिक सातवी नापास असून त्याच कंत्राटदाराकडे क्रेनखाली अवजड सामान बांधणारा खलाशी आहे. होडीवर शिकलेल्या गाठी तेथे कामी येतात. त्याचा पगार १९० रुपये, ओव्हरटाइम वेगळा. तो ओव्हरटाइम रोज सुवाच्य अक्षरात लिहून ठेवण्याचे काम अर्जदाराकडे आहे. म्हणजे पदवीमुळे दरमहा पासष्ट रुपये तोटा, आणि नोकरी जितकी टिकेल तितका तो वाढणार. पुंडलिकाने चार वर्षांत घर कौलारू केले. अर्जदाराने त्याच चार वर्षांत पुस्तकांची एक ट्रंक केली.

४. जोडधंदाही करून पाहिला. अर्जदाराची आई व जामीनदार गोदूबाई हिने मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातले ओळखणे, अशी समजूत करून घेतली व अर्जदारास बोईसरच्या बाजारी सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी बसवले. गिऱ्हाईक आले की ती म्हणे, "माज्या पोराला मनातला कलते हाय, उगा भाव करू नको." गिऱ्हाईक अर्जदाराकडे एकदा बघे आणि पुढच्या टोपलीकडे जाई. संध्याकाळी टोपली जशीच्या तशी घरी आली. परतताना आई म्हणाली, "तुला येवडा शिकवला, पन तोंड कुठं ठेवाचा ते नाय शिकवला." सदर टोपलीचा तोटा वरील हिशेबात धरलेला नाही.

५. येणेप्रमाणे लाभ निरंक आहे. अर्जदारास लाज वाटते ती हप्त्यांची नव्हे. आपल्या वाया गेलेल्या पदवीचा पुरावा आपणच आपल्या सहीने देऊन बहिणीची वाट बंद करीत आहोत, याची वाटते.

६. म्हणून हंसाबाबत दोन शब्द. ती यंदा एस.एस.सी. झाली, चौसष्ट टक्के. अर्जदारास एकोणपन्नास होते. ट्रंकेतील पुस्तके तिने वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करता करता वाचली, अर्जदाराने ती परीक्षेपुरती वाचली होती. आमच्या शेजारच्या राहीबाईचा नवरा तीन वर्षांपूर्वी समुद्रावरून परत आला नाही. होड्या यायच्या वेळी ती अजून रोज किनाऱ्यावर उभी राहते. लोक तिला वेडी म्हणतात. हंसा तिच्याजवळ जाऊन बसते, आणि कोणाशी न बोलणारी राहीबाई तिच्याशी बोलते. एकदा हंसाने विचारले, "दादा, ह्या तुज्या कुठल्या पुस्तकात हाय? तिला वेडी नाय म्हनत, तर काय म्हनतात?" अर्जदाराने चार वर्षे फी भरली होती. त्याने तिलाच ट्रंकेत शोधायला सांगितले. तेव्हा चूक विषयाची नसून पाठवलेल्या माणसाची होती, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

७. वसुलीबाबत आपण निश्चिंत असावे. अर्जदाराने टाइमकीपरची नोकरी सोडली असून १ जुलैपासून तो पुंडलिकाच्या हाताखाली खलाशी म्हणून लागत आहे. पगार १९० रुपये. त्यातून दरमहा पन्नास रुपये परस्पर कापून घेण्यास त्याची संमती सोबत जोडली आहे. हंसाचे हप्तेही, तिला मिळकत होईपर्यंत, अर्जदार भरील. कॉलेजचे प्रवेश २५ तारखेस बंद होतात, तरी तत्पूर्वी निर्णय व्हावा. या वर्षी होडी ओढायला हंसाला थांबवलेले नाही.

८. एक गोष्ट सांगणे राहिले. शिकलेली पोरे दोर टाकून पळतात असा तेथे नव्यानेच आलेल्या मुकादमाचा अनुभव असल्याने अर्जदाराने त्याला आपले शिक्षण सातवी सांगितले आहे. यास्तव साइटच्या पत्त्यावर पत्र पाठवताना अर्जदाराच्या नावापुढे बी.ए. लिहू नये. चार वर्षांनी हंसाला पत्र पाठवाल तेव्हा तिच्या नावापुढे मात्र न विसरता लिहावे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
कमलाकांत बुधा तांडेल
खलाशी

घिवली, दि. १७ जून १९६८

सोबत :
(१) पगारातून कपातीचे संमतिपत्र
(२) कु. हंसा हिची गुणपत्रिका
(३) जामीनदार गोदूबाई हिचा अंगठा, दुसऱ्या खेपेस