नाव कोणं सांगतलं

८ जानेवारी, गुरुवार
ड्रायव्हिंग स्कूलच्या सेठनं सकाळीच बोलावलं. गोड बोलला, तवाच समजलो. "मेश्रामजी, एक स्पेशल आदमी है, आप ही सिखाओ. पुलिसवाले भेज रहे हैं."
स्पेशल म्हंजे सरेंडर झालेला नक्सली. अंदरवाला. सरकार अशा लोकायले काहीतरी धंदा शिकवून राह्यलं, यानं ड्रायव्हरी मांगली.
"दुसऱ्याले द्या," म्हणलं.
"दूसरा कौन है?"
घरी निघून आलो. गुडघे ठणकून राह्यले. जिनगीभर बस चालवली, रिटायर झालो, आता बाजूच्या सीटवर बसतो. तेवढंही सुखानं होऊ देत नाहीत.

९ जानेवारी
घरी बायकोले सांगतलं, शकुनले. "जा नं," म्हणे. "तुमी नाही शिकवलं तं काय तो पायी फिरन? दुसरा कोणी शिकवन." मंग तिनंच प्रकाशच्या फोटोकडं पाह्यलं.
प्रकाश माहा लहान भाऊ. उकवा-बैहर सवारीची जीप चालवे. पोलिसायनं त्याची जीप मांगली, कधी शिपाई पोचवाले, कधी कॅम्पाचं राशन. नाही म्हणाची सोय नव्हती. मंग एका दुपारी अंदरवाल्यायनं त्याले रस्त्यातच उतरवलं अन् मारलं. बाजूले पर्चा टाकला, पोलिसायचा खबऱ्या, मुखबिर होता म्हणून. जीपले हातही नाही लावला. पोलिसायनं विचारून गाडी नेली नाही, यायनं विचारून जीव नेला नाही. तो मधातला माणूस.
त्याची बायको सुनीता तवापासून आमच्याच घरी. अंगणवाडीत जाते. पोरगी पिंकी बारावीले आहे. सुनीताले काही बोललो नाही.

१२ जानेवारी
आला. नाव सोमारू. मी डोक्यात काहीतरी दांडगं धरून बसलतो. हा तं वाळकासा, समोरचे दात गेलेले. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. सोबत एक शिपाई. तो मागं बसला अन् लगेच मोबाईलमंधी घुसला.
सोमारू सीटवर असा टेकला, जसा परक्या घरी माणूस पाटावर बसते. क्लच सोडला की गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. दर वेळी मले "माफी" म्हणते.
शिकवाच्या गाडीत माह्या पायाखालीही एक ब्रेक असते. आज सगळा वेळ पाय त्याच्यावरच.
कामापुरतंच बोललो. घरी येऊन आंघोळ केली. काहून केली, माहीत नाही.

१६ जानेवारी
वारासिवनीकडचा रोड. धान कापून झालं, दोही बाजू मोकळ्या. इथं थांबव म्हणलं तं थांबवत नाही, पुढं झाडाखाली नेऊनच लावते.
"खुले में क्यों नहीं रोकता?"
"आदत है साहब."
तेवढ्यात वरून हेलिकॉप्टर गेलं. याचे हात स्टिअरिंगवरून सुटले, डोकं खाली. गाडी शेताकडं चालली. मी ब्रेक दाबला. शिपायाचा मोबाईल पडला, त्यानं आधी शिव्या देल्या अन् मंग पोट धरून हासला. मले हासू नाही आलं. सोमारू किती वेळ काचेतून वर पाहत होता.

२१ जानेवारी
टीव्हीवर ओरडून सांगतात, जंगल साफ झालं, लढाई संपली. शकुननं बंद केला. "संपली तं ओरडता काहून?"
आज सोमारूले विचारलंच, गेला कशाले होता अंदर. म्हणाला, बापाले जंगलखात्याच्या नाकेदारानं लाकडासाठी मारलं. सगळ्या गावासमोर, धोतर सोडून. मंग अंदरवाले आले, त्यायनं नाकेदाराले पळवून लावलं. "अच्छा लगा साहब. बहुत अच्छा लगा. फिर बोले, हर घर से एक आदमी दो. भाई की शादी हो गई थी. तो मैं."
"तुमचं ते कम्युनिस्ट का काय म्हणतात, ते समजलं का तुले?"
"मीटिंग में बताते थे. चीन, वियतनाम. गरीब का राज. मैं चावल की बोरी ढोता था, नींद आ जाती थी." जरा वेळानं म्हणे, "फिर गाँव के बाजू में पुलिस का कैंप बैठा. दिन में वो पूछते, रात को हम. गाँववाले दोनों को भात खिलाते थे. दोनों से डर के."
बोलता बोलता तिसरा गियर टाकला, आवाज न करता. माह्या तोंडातून "शाबास" निघून गेलं. मंग दिवसभर त्या शाबासचाच राग.

२७ जानेवारी
सुनीताले कळलं. अंगणवाडीतच कोणीतरी बोललं. आली, चपला काढल्या, पिंकीले आत पाठवलं. मले वाटलं आता रडन, नाही तं भांडन.
"दादा, तो उकव्याकडच्या जंगलात होता का?"
"विचारलं नाही."
"विचारा. मारलं कोणं, ते मले नाही पाह्यजे. नाव कोणं सांगतलं ते पाह्यजे. जंगलातल्या लोकायले काय सपन पडलं, जीपमंधी कोण बसते म्हणून? आपल्यातलंच कोणीतरी सांगाले गेलं असन."
म्हंजे इतकी वर्स ही लग्नात, विहारात, बाजारात प्रत्येकाचं तोंड पाहून हाच विचार करत होती. अन् आमी म्हणत होतो, सुनीता सावरली.

३१ जानेवारी
नाही विचारलं. रिव्हर्स शिकवला. मागं पाह्यताना त्याची मान बरोबर फिरते, नवशिक्यायची फिरत नाही.
सुनीता ताट ठेवते अन् जाते.

४ फेब्रुवारी
विचारलं.
शिपाई भजे आणाले उतरलता. गाडी उभी, इंजिन चालू. "उकवा की तरफ थे कभी?"
"थे."
"एक जीपवाला था. प्रकाश."
गियरवरचा हात तिथंच राह्यला. "आपका कौन?"
"भाऊ. लहान."
त्यानं इंजिन बंद केलं. मंग म्हणाला, "मैं उस दिन संतरी था, दूर. देखा नहीं. पर जिस मीटिंग में तय हुआ, उसमें बैठा था. वो बुरा आदमी नहीं था साहब. हमारी एक बीमार लड़की को भी ले गया था एक बार, बैहर. मैंने मीटिंग में बोला. कोई नहीं सुना."
ही बीमार पोरीची गोष्ट प्रकाशनं घरात कोणालेच सांगतली नव्हती.
"खबर किसने दी?"
आता त्यानं माह्याकडं पाह्यलं. "नाम बोलूँ, साहब?"
माहा पाय ब्रेकवर गेला. गाडी तं उभीच होती.
"रुक," म्हणलं.
शिपाई भजे घेऊन आला. तिघायनं खाल्ले.

५ फेब्रुवारी
सुनीताले आहे तसं सांगतलं. तो सांगाले तयार आहे, मीच आयकलं नाही. वाटलं, चिडन. ती म्हणे, "बरं. मंग मीच येते गाडीत."
शकुन म्हणे, "बाई, आयकून काय करशीन?"
"ते आयकल्यावर पाहीन."
झोप नाही. उकव्याच्या स्टँडवरचे सगळे चेहरे येऊन जातात. मयतीले खांदा देणारे. पिंकीच्या दाखल्यासाठी धावणारे. प्रत्येकाले विचारतो, तू का? अन् प्रत्येकाची माफी मांगतो.

९ फेब्रुवारी, सोमवार
शिपायाले सांगतलं, भाऊसून आहे, बाजारापर्यंत सोडाची आहे. त्याले काय, तो चहाच्या टपरीवर थांबला.
सुनीता मागं बसली. सोमारूनं आरशातून पाह्यलं, ओळखलं असन. गाडी लय हळू चालवली, दर खड्डा वाचवून. नहराच्या बाजूचा रोड लागला. मंग तिनंच विचारलं, "माँ है क्या तुम्हारी?"
"नहीं. मर गई. हमको बहुत बाद में पता चला."
"किसने बताया?"
"ऐसे ही... किसी ने किसी को बोला, उसने हमको."
मंग ती म्हणे, "गाड़ी रोको."
त्यानं इंडिकेटर देला, आरसा पाह्यला, डाव्या बाजूले नेऊन लावली. मोकळ्यात. जवळ झाड नव्हतं.
"दादा, तुमी जरा खाली उतरा."
उतरलो. नहराच्या काठावर जाऊन उभा राह्यलो. पाणी सोडलं होतं, चांगलं वाहून राह्यलं होतं. काचेतून दिसत होतं, तो समोर पाहूनच बोलते, ती खाली पाहून आयकते. एकदा तिनं काहीतरी विचारलं. एकदा त्यानं दोही हात जोडले. तिनं हात जोडले नाहीत, पण दारही उघडलं नाही. बसली होती.
मी येऊन बसलो. परत आलो. बाजारात उतरून तिनं पालक घेतला.
घरी म्हणे, "सांगतलं त्यानं. तुमी मले कधी विचारू नका."
"काहून?"
"तुमाले कळलं तं चेहऱ्यावर दिसन. पिंकीले याच लोकायत राह्यचं आहे."

१२ फेब्रुवारी
सोमारूची टेस्ट झाली, पास. पेढे घेऊन आलता, दाराबाहेरच उभा. शकुननं आत बोलावलं, तो नाही आला. मी पेढा घेतला. म्हणाला, शहरात कोणाची तरी पिकअप चालवीन, गावाकडं नाही जात. तिथं त्याले मारणारे दोही बाजूले आहेत म्हणे. थकल्यासारखा हासला.
नाव मीही विचारू शकलो असतो. उभाच होता समोर.

१५ फेब्रुवारी, रविवार
दुपारी उकव्यावरून सुखदेव आला. प्रकाशच्या बाजूलेच त्याची जीप लागे. "जयभीम दादा," म्हणत चिन्नोरचा तांदूळ उतरवला, पिंकीच्या परीक्षेसाठी पेन आणला. बसला. तब्येत, रोड, नवा कॅम्प उठणार का नाही, अशा गोष्टी.
सुनीता पाणी घेऊन आली. मी तिच्या हाताकडं पाह्यलं, मंग तोंडाकडं. काही नाही. कोरं.
"जेवूनच जा भाऊ," म्हणे.
त्याच तांदळाचा भात केला. सुखदेव नको नको म्हणत होता, तिनं आग्रह करून दोनदा वाढलं. इतक्या वर्सात तिनं कोणाले आग्रह केलेला मी पाह्यला नव्हता.
म्हंजे हा नाही. का मंग हाच...