रताळ्यांची गोणी

मातान्सास,
१ डिसेंबर १९५३

चि. सेवेरो यास,
ताईचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तूही असशील. पत्र हसत हसत वाच. माझं अक्षर बघून तसाही तू हसतोसच.

डुकरीण व्याली. देल्फिनाकाकूचे गुडघे धरलेत, जीभ मात्र धरत नाही. सांता बार्बराचा सण तोंडावर आलाय आणि घरात कुणी बोलत नाही.

रविवारी कालिस्ताकडच्या पूजेत यांनी दोघा जोडीदारांसोबत देवाचे तिन्ही ढोल वाजवले. आईढोल बोलला, धाकटा बोलला. मधला नुसता बडबडला. कुणाच्याच अंगात संत आला नाही. म्हातारी कालिस्ता यांना म्हणाली, "एवारिस्तो, देवाला बोलावतोस की कोंबड्या हाकतोस?" सगळे हसले. हे हसले नाहीत.

घरी येऊन यांनी मधला ढोल कानाशी धरून हलवला. ढोलाच्या पोटात देव असला की आत खुळखुळतं. काहीच वाजलं नाही. तसंच लाकूड, तसाच मण्यांचा पट्टा, पण आत पोकळ. कुणीतरी खरा नेऊन हा ठेवलाय.

तेव्हापासून जेवण नाही. बकरं सोलायची सुरी घासत बसतात. बाई त्या ढोलांना हात लावत नाही, म्हणून मी सुटले. बाकीच्या दोघा वाजवणाऱ्यांची घरं उपसून झाली. एकाचे दात पडले.

मी तोंड उघडलं नाही. मृतांच्या सणाला तू आलास, पोट दुखतंय म्हणून ढोलांच्या खोलीत दार लावून झोपलास. येताना गोणी, जाताना गोणी. काय आहे विचारलं तर म्हणालास, रताळी.

रताळी खुळखुळत नाहीत, सेवेरो.

तिकडे हवानाच्या हॉटेलात गोऱ्यांपुढे तो ढोल वाजवतोस की अजून काही केलंस, मला ऐकायचं नाही. मी यांना म्हटलं, सेवेरोची हवानाच्या बाजारात ओळख आहे, तो शोधून देईल. यांना वाचता येत नाही, म्हणून पत्र यांच्याच हाती दिलंय.

म्हणजे आत्ता दाजी तुझ्यासमोर बसलेत. चेहरा बदलू देऊ नकोस. आत जा, ढोल घेऊन ये. म्हणावं, बाजारात दिसला, ओळखला, सोडवून आणला. दोन्ही हातांनी दे. जमिनीला टेकवू नकोस.

विकला असशील तर कॉफी ठेवतो म्हण आणि मागच्या दारानं नीघ. कुठे गेलास ते मला कळवू नकोस. यांनी विचारलं तर मी सांगेन.

तुझी बहीण, पण यांची बायको,
एउलालिया