छातीएवढं जोतं

तीर्थरूप दाजींना सुंदररावाचा दंडवत.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पाऊस नाही, आणि तो सोडला तर तक्रार करावी असं काही नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? अक्काची साखर कशी आहे? औरंगाबादला नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं असं तुम्ही कळवलं होतं. ते मी चारा छावणीत वाचून दाखवलं. नळाला येतं हे ऐकून लोकांना नवल वाटलं. माणसं गावात आणि म्हशी छावणीत अशी सध्या वाटणी आहे. दोघांच्या तब्येतींत म्हशींची बरी आहे.

पत्राचं कारण म्हणजे आपल्या दूध संस्थेची इमारत उभी राहिली. नकाशा तुमचा, म्हणून पहिली बातमी तुम्हाला. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालात आणि आमचा फुकट काढून दिलात, याबद्दल संस्थेने तुमच्या आभाराचा ठराव केला आहे. (त्यात तुमचं नाव चुकलं आहे, पण आडनाव बरोबर आहे.)

इमारत नकाशाप्रमाणेच आहे. फरक एकच. तुम्ही जोतं दीड फुटाचं दाखवलं होतं, ते आम्ही चार फुटांचं केलं. रागावण्याआधी ऐकून घ्या. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, सेवा सोसायटीची इमारत आहे. तिचं जोतं कमरेएवढं. आपल्याकडे इमारत किती खोल्यांची हे कुणी विचारत नाही. चढताना धोतर किती वर धरावं लागतं ते बघतात. बैठकीत आपले व्हाइस चेअरमन तात्याबा म्हणाले, दीड फुटाचं जोतं गोठ्याला असतं. गोठ्यातून निघालेलं दूध परत गोठ्यातच आणून घालायचं तर संस्था काढली कशाला? सलीम मिस्त्रींनी विचारलं, मग किती करू? तात्याबा उभे राहिले आणि त्यांनी आडवा हात छातीला लावला. (तात्याबा उंच आहेत. बुटका माणूस उभा राहिला असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.) इतिवृत्तात कारण म्हणून 'पुराचा धोका' असं घातलं. नदीत सध्या क्रिकेटचे सामने होतात.

आता यात अडचण काय झाली ते सांगतो. दूध गार ठेवायचं यंत्र आपल्याला मंजूर आहे. ते माजलगावच्या गोदामात येऊन पडलं आहे. ते बसवायला वीज पाहिजे, विजेच्या मीटरला भोगवटा प्रमाणपत्र पाहिजे, आणि ते प्रमाणपत्र इमारत नियमांत बसल्यावर मिळतं. तोपर्यंत दूध उन्हातून टेम्पोने माजलगावला जातं आणि निम्म्या वेळा नासलं म्हणून परत येतं. ज्वारी गेली, कापूस गेला, आता घरोघरी जो काही पैसा येतो तो या दुधाचा. परत आलेल्या दुधाचं काय करायचं ते सगळं करून झालं. गावात आता पाहुण्याला चहा विचारला तरी तो आधी वास घेतो. थोडक्यात, त्या यंत्रावाचून संस्था हा उन्हाळा काढत नाही, आणि संस्था गेली तर लोक म्हशी विकतील. तेव्हा तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर आम्ही हार, नारळ, पेढे अशी सगळी तयारी ठेवली होती.

साहेब तरुण निघाले. हार घेतला, पेढा घेतला नाही, आणि टेप काढला. रस्त्यापासून सोडायची जागा त्यांनी मोजली, ती बरोबर भरली (ते श्रेय तुमचं). मोटारगाडीसाठी जागा कुठे आहे विचारलं. गावात मोटारगाडी कुणाकडे नाही असं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की नियम गाडीसाठी नसतो, जागेसाठी असतो. आम्ही चुन्याच्या फक्कीने एक चौकोन आखून दिला. त्यात लगेच एक म्हैस येऊन बसली. साहेबांनी म्हैस मोजली नाही, चौकोन मोजला. मग छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय विचारली. पाइप होता, खड्डा होता. पाणी खड्ड्यापर्यंत नीट पोचतं का, असं त्यांनी सहज विचारलं. तात्याबांना सहज विचारलेलं कळत नाही. गावाचा टँकर नुकताच आला होता, तो त्यांनी इमारतीला लावला आणि नळी छतावर सोडली. ही बातमी गावभर कशी गेली ठाऊक नाही, पण पाइपाच्या तोंडातून धार पडायच्या आत तिथे घागरींची रांग लागली होती. खड्ड्यात थेंबही गेला नाही. साहेबांनी रांग बघितली आणि शेरा लिहिला, 'पाणी मुरले नाही, परंतु वाया गेले नाही.' तो मुद्दा सुटला. माणूस चांगला आहे असं माझं तेव्हाच मत झालं.

मग ते पायऱ्यांपाशी आले आणि म्हणाले, ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याची वाट कुठे आहे? तात्याबा म्हणाले, आम्ही उचलून नेतो की. साहेब म्हणाले, तुम्हाला विचारलं नाही, वाट विचारली. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे चार फुटांना अठ्ठेचाळीस. आपलं अंगण आहे तीस फूट. साहेबांनी फक्कीने रेघ ओढायला सांगितली. रेघ अंगणातून निघाली, रस्ता ओलांडून गेली आणि सेवा सोसायटीच्या दारात जाऊन थांबली. त्यांचे चेअरमन ओट्यावरच उभे होते. आमची हरकत नाही म्हणाले, आमच्या पायऱ्यांवरून तुमच्याकडे जायची सोय होत असेल तर लेखी देतो. मला तो विनोद आवडला. तात्याबा दोन दिवस जेवले नाहीत.

साहेब गेल्यावर आम्ही आधी स्वस्तात भागवायचा प्रयत्न केला. सलीम मिस्त्रींनी अंगणात बसेल एवढाच उतार बांधला. लांबून बरा दिसत होता. पण वापरणाऱ्याने चढून बघावं म्हणून आम्ही वरच्या आळीच्या रतनबाईला बोलावलं. तुम्हाला ती आठवत नसेल. लहानपणी तिच्या पायांतलं बळ गेलं. हाताने फिरवायची तीनचाकी गाडी आहे, तिला मागे दोन कॅन बांधून ती रोज येते. चार म्हशी आहेत, धार स्वतः काढते, आणि संस्थेला सगळ्यांत जास्त दूध तिचंच असतं. जुन्या भाड्याच्या खोलीलाही पायऱ्या होत्या. ती खाली थांबायची, कॅन कुणीतरी वर न्यायचं, आणि ज्यावर भाव ठरतो ती फॅट किती लागली ते वरून ओरडून सांगायचं. वर काटा कुठे थांबला हे तिने कधी पाहिलं नाही. (हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या रोज येत होतं.)

रतनबाईने उतार बघितला, मला बघितलं, आणि चाक फिरवायला लागली. निम्म्यात गाडी थांबली. तात्याबा वरून म्हणाले, "थोडा जोर लाव की, रतन."

ती म्हणाली, "तात्याबा, तुमी बसा हितं आन् लावा जोर. मी दूध झेलाया थांबते."

एवढं बोलायला तिने श्वास घेतला आणि गाडी मागे निघाली. मागे मी होतो. गाडी मी अडवली, रतनबाईला काही लागलं नाही, पण दोन्ही कॅन माझ्यावर आले. पाणीटंचाई सुरू झाल्यापासून माझी अशी अंघोळ झाली नव्हती. रतनबाईने मला उठू दिलं आणि विचारलं, "चेअरमन, ह्यो उतार कावून बांधला? मला वर न्यायला का परत घरी धाडायला?" मी म्हणालो, नियमासाठी. ती म्हणाली, "मग नियमालाच बसवा गाडीत." दूध तिच्या नावे लिहून घ्यावं लागलं. फॅट किती धरायची ते तिने सांगितलं आणि आम्ही ती धरली.

उतार फोडला. आता जोतं उतरवण्यावाचून इलाज नव्हता. पण तात्याबा जोत्याला पाठ लावून उभे राहिले. बांधलेलं फोडलं तर समोरची हसतील, पहिली पहार माझ्या डोक्यात घाला, म्हणाले. त्या वेळी गावचा तलाव कोरडा म्हणून खोल करायचं काम चाललं होतं. गाळ लोकांनी शेतात नेला. खालचा मुरूम कुणाला नको होता. तो आम्ही मागितला. सगळ्या गावचे ट्रॅक्टर लागले, अंगणात मुरूम पडला, चोपून बसवला, पुन्हा पडला, पुन्हा बसवला. जोतं आम्ही एक इंचही खाली आणलं नाही, जमीन वर नेली. तात्याबांची मान राहिली. रस्त्यावरून अंगणात यायला त्याच मुरमाची तशीच सावकाश चढणारी वाट रस्त्याच्या कडेने आडवी नेली. अंगण भरून झाल्यावर सलीम मिस्त्रींनी टेप लावला तर जोतं दीड फूट राहिलं होतं. म्हणजे तुमचा नकाशा शेवटी बरोबर आला, फक्त आम्ही त्याच्याकडे वरून गेलो.

दीड फुटाला अठरा फुटांचा उतार लागतो आणि तो अंगणात आरामात बसला. बाजूला कठडा आहे, वर गाडी वळायला जागा आहे. आता गंमत अशी की पायऱ्या कुणीच वापरत नाही. डोक्यावर कॅन घेतलेल्या बायका उतारावरून जातात, मोटारसायकलवाले गाडीसकट वर येतात (त्यांना बंदी केली आहे, म्हणून ते गाडी बंद करून येतात). तात्याबाही त्याच वाटेने जातात. विचारलं तर उतार तपासतोय म्हणतात. रोज तपासतात. सेवा सोसायटीचं जोतं आता आपल्याहून उंच दिसतं, पण तिचं दुःख वेगळं आहे. पाऊस पडला तर आपल्या अंगणातलं सगळं पाणी त्यांच्या दारात जाणार. (हे बरोबर नाही हे मला कळतं. मधे चर खणून देणार आहोत.) गावात सध्या पाऊस नको म्हणणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे त्यांचा चेअरमन.

सोमवारी साहेब शेवटच्या तपासणीला येत आहेत. ते झालं की प्रमाणपत्र, मीटर, यंत्र. तेव्हा तुम्ही काळजी करू नका. अक्काला माझा नमस्कार सांगा.

आपला,
सुंदरराव

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. साहेबांनी उतार फोटोत बघितला, बरा म्हणाले. पण ज्याच्यासाठी बांधला ते माणूस कुणाच्या मदतीवाचून वर गेलेलं मला दिसलं पाहिजे, त्याशिवाय सही करणार नाही, असंही म्हणाले. मागणी रास्त आहे. आपल्या गावात असं माणूस एकच.

ता. क. २. मी आणि तात्याबा रतनबाईकडे जाऊन आलो. तिने चहा दिला, दूध ताजं होतं. फॅटचा काटा बसल्या जागी दिसेल अशी खिडकी खाली घ्या म्हणाली, ती सलीम मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी घेतली. मग म्हणाली, "वाट झाली, चेअरमन. वर गेल्यावर बसायचं कुटं?" तिला संचालक मंडळात जागा पाहिजे. महिलांच्या राखीव जागेवर. ती मिळाली तर सोमवारी साहेबांपुढे एका दमात वर जाते, न्हाई तर गाडीचं चाक लई दिवसांपासून कुरकुरतंय, असं ती म्हणाली. तात्याबांनी दुसरी एखादी जागा बघू म्हटलं. तिने त्यांच्याच जागेकडे बघितलं.

ता. क. ३. महिलांच्या राखीव जागेवर अक्का आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. संस्था काढली तेव्हा नाव पाहिजे होतं, घरचं म्हणून तिचं घातलं. सभासदाच्या नावे म्हैस लागते, म्हणून माझ्या म्हशींपैकी एक कागदावर तिची आहे. म्हैस छावणीत सुखात आहे. अक्काने ती अजून पाहिलेली नाही. सोबत राजीनाम्याचा मजकूर पाठवला आहे, फक्त सही हवी. रिकामी जागा भरायची बैठक रविवारी संध्याकाळी ठेवली आहे. पत्र घेऊन आलेला राधाकिशन तुमच्या दारातच थांबेल, सही घेतल्याशिवाय परत येऊ नको असं त्याला सांगितलं आहे, तेव्हा त्याला जेवायला घाला. फोन केला असता, पण तो अक्का उचलते. आणि तुमच्या दारावरची 'संचालिका' असं लिहिलेली पाटी काढायची गरज नाही. त्या शब्दाच्या आधी 'माजी' बसेल एवढी जागा आहे, मी दिवाळीला आलो होतो तेव्हाच बघून ठेवली.