अकोटातला एकमेव परदेशी

२० जून, अकोट

पोचलो. मुंबईहून रेल्वेनं अकोला, तिथून एसटीनं अकोट. स्टँडवर शाळेचा शिपाई नत्थुजी न्यायला आला होता. हातात पाटी : 'वेलकम फॉरेन सर'. मी पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं : "सरका भाऊ, फॉरेनचे पाहुने येऊन राहिले." मी म्हटलं, मीच तो. त्यानं माझ्या मागे पाहिलं. मागे बोचकं घेतलेली एक म्हातारी होती. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिला. पहिल्याच भेटीत एवढा प्रभाव पडेल असं वाटलं नव्हतं.

रोजनिशी मराठीत लिहायची. दिवसभर इंग्रजी आणि फ्रेंच बोलून जीभ दमणार, तिला रात्री विसावा.

२१ जून

झोप नाही. कूलर ट्रॅक्टरसारखा वाजतो. पडल्या पडल्या विचार केला.

मॉरिशसमध्ये मी कोण? मराठीचा शिक्षक. असे आम्ही पुष्कळ. पाच पिढ्यांमागे आमचा कोणी पूर्वज कोकणातून बोटीत बसला, म्हणून घरात गणपती आणि आडनाव बापू. पुण्यात शिष्यवृत्तीवर दोन वर्षं एम. ए. केलं, परत गेलो, पुन्हा तोच वर्ग, तोच फळा. कोणी मान वर करून पाहिलं नाही. इथे मी इंग्रजी-फ्रेंचचा विदेशी शिक्षक आहे. अख्ख्या तालुक्यात एकमेव.

सध्या चाचणी म्हणून घेतलं आहे. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात सत्कार, आणि त्याच वेळी तीन वर्षांचा करार. आई सत्काराच्या व्हिडिओची वाट पाहते आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून सगळ्यांना दाखवणार म्हणते.

२३ जून

संस्थेचे अध्यक्ष शालिकरामभाऊ भेटले. कापसाच्या जिनिंगचे मालक, दिलदार माणूस. माझी मुलाखत त्यांनी फोनवरच घेतली होती, कारण व्हिडिओ लावला की इथलं नेट जायचं. आज प्रथमच समोरासमोर. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग प्राचार्य प्राजक्ता मॅडमना आत घेऊन गेले. दार लावलं तरी आवाज येत होता : "मॅडम, हा तं आपल्या सूर्यभानसारखा दिसते!"

सूर्यभान इथली मोठी असामी असावी. चौकशी करणे.

२४ जून

सूर्यभान भेटला. शाळेची बस चालवतो.

२८ जून

स्टँडसमोर शाळेचं मोठं बॅनर आहे : 'आता विदेशी शिक्षकांकडून शिका!' खाली टाय लावलेला, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा माणूस. माझा फोटो वेळेत पोचला नसणार, तात्पुरती सोय केली आहे. भुवया थोड्या जुळतात.

१ जुलै, सकाळी

निश्चय : आजपासून गावात मराठी बोलायचं नाही. परदेशी माणसाचं वजन अंतरावर असतं. अंतर गेलं की वजन गेलं.

१ जुलै, संध्याकाळी

अकोल्याला जाऊन आलो. कंडक्टरला इंग्रजीत तिकीट मागितलं. तो म्हणाला, "शिकले-सवरलेले दिसता, पन सुट्टे पैसे द्या." मी इंग्रजीतच बाजू मांडली. मागून एक आजोबा सगळ्यांना सांगू लागले, "कलेक्टरची परीक्षा देऊन राहिला असन बिचारा. डोक्यावर परिनाम होते." शेवटी मराठीतच सांगावं लागलं की मी परीक्षा देत नाही. आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि होते होते, धीर धरा, म्हणाले.

उद्यापासून निश्चय.

९ जुलै

घरमालकीण पार्बताबाई. शेती आहे, वांगी आणि पालक बाजारात स्वतः नेतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माझं जेवण पाव-लोण्याचं, तिखट चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि ताट ठेवलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. परदेशी माणसानं एकदा तरी चव घ्यावी म्हणून घेतली. रोजच घेतो आहे.

मूळ गावाची चौकशी झाली. रत्नागिरीकडचे, म्हटलं, पण फार जुनी गोष्ट, मधे समुद्र आहे. "समुद्र असू द्या. हात तं आपल्यासारखाच भाकर मोडते न?" एवढं बोलून त्या पाणी आणायला गेल्या.

२० जुलै

मान मिळाला! पार्बताबाईंच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. मला पहिल्या पंगतीत बसवलं. नको नको म्हणत असताना चार माणसं वाढत होती. इथली रीत स्पष्ट आहे : पाहुणा बसतो, घरचा वाढतो. मी बसलेला होतो. आईला फोटो पाठवला. तिनं मंडळातल्या सगळ्यांना पाठवला.

५ ऑगस्ट

फ्रेंचचा वर्ग उत्तम चालला आहे. सातवीची मुलं मला पाहिलं की मैदानाच्या पलीकडून 'बोंझूर सर' ओरडतात. हर्षा नावाच्या मुलीनं फ्रेंचमध्ये स्वतःच्या बैलांचं वर्णन लिहून आणलं. दोन पानं. चुका होत्या, पण बैल डोळ्यांसमोर उभे राहिले. मला फार आनंद झाला. असा आनंद मॉरिशसमध्ये कधी झाला होता, ते आठवत नाही.

१२ ऑगस्ट

एक पालक विचारायला आले : "फॉरेनचे सर कोठी हायत?" मी म्हटलं, मीच. ते हसले. त्यांनी मला टाळी दिली. "लय मजाकी हायत तुमी." मग तासभर बाकावर बसून फॉरेनच्या सरांची वाट पाहिली. मी त्यांना चहा दिला.

माणसं लाजाळू आहेत. मोठ्या माणसाशी थेट बोलायचा संकोच वाटतो त्यांना.

२३ ऑगस्ट

काल पोळा. बैल पाहायला गेलो. परदेशी पाहुणा म्हणून पुढे उभं राहावं म्हटलं, तर कोणीतरी एका बैलाचा कासरा माझ्या हातात दिला आणि निघून गेलं. दीड तास धरून होतो. सांस्कृतिक आदानप्रदान.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. प्राजक्ता मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाई अमरावतीच्या, फार सभ्य. म्हणाल्या, अध्यक्षांची इच्छा आहे की पालक आले की मी हॅट घालावी, उन्हात फिरू नये, आणि जमल्यास थोडी पावडर लावावी. पाहुण्याच्या त्वचेची एवढी काळजी कोणत्या देशात घेतात? हॅट अकोल्याहून आणली. ती घालून शाळेत गेलो तर नत्थुजीनं विचारलं, कोण्या नाटकात हाय काय. पावडर तूर्त नको.

१८ सप्टेंबर

रोजचा दर्जा सांभाळणं कठीण जात आहे. भाजीबाजारात आज मी एका बाईशी कोथिंबिरीवरून मराठीत भांडलो आणि जिंकलो. जिंकल्यावर लक्षात आलं. इथून पुढे खरेदी मुक्यानं.

७ ऑक्टोबर

शेजारी भंडारा. निमंत्रण आलं होतं, हॅट घालून गेलो. पंगतीत बसणार तोच कोणीतरी "जीवनभाऊ, मीठ वाढा बरं" म्हणून वाटी हातात दिली. क्षणभर समजेना. मग विचार केला, मीठ हा हलका पदार्थ आहे. प्रमुख पाहुण्याच्या हस्ते शुभारंभ म्हणून असेल. वाढलं. सगळे जेवल्यावर मी जेवलो.

जीवन सरांचा जीवनभाऊ कधीपासून?

२ नोव्हेंबर

पार्बताबाईंच्या पुतणीचा, प्रतीक्षाचा साखरपुडा. आज वरणाची बादली. तिसऱ्या पंगतीपर्यंत वाढून राहिलो. हात दुखतो आहे. मधे एक पाहुणे पत्रावळीवर हात आडवा धरून नको नको करू लागले, तर मी त्यांना म्हटलं, "घ्या न जी, कावून लाजून राहिले?" हे कोण बोललं म्हणून मी मागे वळून पाहिलं.

विश्रांतीची गरज आहे.

२२ नोव्हेंबर

शालिकरामभाऊ चिंतेत आहेत. पुढल्या वर्षाचे प्रवेश घ्यायचे आहेत आणि लोक विचारतात, बॅनरवरचा माणूस कुठं आहे? मी सुचवलं, माझा पासपोर्ट दाखवू. दाखवला. एका पालकानं उलटून-पालटून पाहिला आणि म्हणाला, आमच्या जावयाकडंही हाय. भाऊ मला म्हणाले, "सर, तुमी मानूस सोन्यासारखे, पन लोकायले फॉरेन दिसलं पायजे न."

त्यांना काहीतरी मार्ग सुचतो आहे असं चेहऱ्यावरून वाटलं. बहुधा बॅनरवर एकदाचा माझा फोटो लावणार.

८ डिसेंबर

शाळेत नवा माणूस. गोरापान, घारे डोळे, उन्हानं नाक लाल झालेलं. व्हरांड्यात उभा होता. मला भरून आलं. इतक्या महिन्यांनी आपल्यासारखा कोणी! धावत गेलो आणि फ्रेंचमध्ये स्वागत केलं. तो म्हणाला, "माफ करा, मला फ्रेंच येत नाही. मी मिहिर. कोथरूडचा."

संभाषणकौशल्याचा शिक्षक म्हणून त्याला पुण्याहून बोलावलं आहे. एवढंच सांगितलंय त्याला. मुलगा साधा आहे.

९ डिसेंबर

नत्थुजीनं मिहिरसाठी खुर्ची पुसली. "सर, वॉटर?" मिहिर म्हणाला, नको, मी घरून आणलंय. नत्थुजी धापा टाकत माझ्याकडे आला : "जीवनभाऊ, फॉरेनवाल्याले मराठी काय साजरी येते हो! आपल्याले लाज आनली त्यानं." मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जयू नका भाऊ. तुमचंबी मराठी काई कमी नाई." जयू म्हणजे जळू, हे नंतर कळलं.

२० डिसेंबर

बॅनर बदललं. मिहिर, हॅट घातलेला. हॅट माझी आहे. मागायला आले तेव्हा फोटोसाठी हवी एवढंच म्हणाले होते.

समजूत : अध्यक्षांनी मला सहायक दिला आहे. जाहिरातीची कामं त्याच्याकडे, अध्यापन माझ्याकडे. मोठ्या संस्थांमध्ये असंच असतं.

५ जानेवारी

स्नेहसंमेलन १७ ला. सत्काराला उत्तर म्हणून भाषण तयार केलं. आधी फ्रेंच, मग इंग्रजी, शेवटी एकच वाक्य मराठीत, अडखळत. अडखळण्याचा सराव करतो आहे. जमत नाही.

अमरावतीहून कोट शिवून आणला. व्हिडिओ काढायचं काम नत्थुजीला सांगितलं. मोबाईल आडवा धरायचा, हे तीनदा शिकवलं.

१७ जानेवारी, रात्री

लिहायचं नव्हतं. लिहितो.

मांडव भरला होता. मी पहिल्या रांगेत, कोटात. शालिकरामभाऊ माइकवर म्हणाले, सातासमुद्रापलीकडून आपल्या लेकरांसाठी आलेल्या विदेशी शिक्षकांचा आता सत्कार. मी उठलो. दोन पावलं गेलोही. तेवढ्यात दोन मुलींनी मिहिरचा हात धरून त्याला स्टेजवर नेलं. शाल, श्रीफळ, फेटा. मी उभाच होतो. मागून कोणी ओरडलं, "जीवनभाऊ, बसा न, दिसत नाई." बसलो.

मिहिरचं तोंड पडलं होतं. माइक हातात घेऊन त्यानं मराठीत सांगितलं की तो पुण्याचा आहे. मांडव टाळ्यांनी दणाणला. बायका म्हणत होत्या, किती स्वच्छ बोलते हो.

मग आभारप्रदर्शनाचे सर आले नव्हते म्हणून मला वर ढकललं. फ्रेंचचा कागद खिशात होता. काढला, आणि समोर हर्षा, पार्बताबाई, सूर्यभान असे सगळे ओळखीचे चेहरे दिसले. कागद ठेवला. काय बोललो, नीट आठवत नाही. मांडववाल्याचे, आचाऱ्याचे आभार मानले. आमच्या परदेशी पाहुण्यांचेही मानले, एवढ्या लांबून आलात म्हणून. लोक पोट धरून हसले, मग टाळ्या वाजवत राहिले. मिहिरपेक्षा जास्त. खाली उतरलो तर एक पालक माझा हात सोडेना. म्हणाला, आपला मानूस आपला मानूस असते.

कराराचं विचारलं. शालिकरामभाऊंनी मला कवेत घेतलं. "जीवनभाऊ, करार मिहिर सरांशी करावा लागते, तो बाहेरचा मानूस. घरच्या मानसाशी कागद करतेत काय?"

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग जेवणाच्या मांडवातून हाक आली, कढी वाढायला माणूस कमी पडतोय म्हणून. कोट काढून गेलो. मिहिर पहिल्या पंगतीत बसला होता. त्याला दोनदा वाढली. नको नको म्हणत होता.

१८ जानेवारी

नत्थुजीनं व्हिडिओ सकाळीच आईच्या नंबरवर पाठवून दिला. मी सांगून ठेवलं होतं तसा, मोबाईल आडवा धरून. त्यात फक्त सत्कार आहे. आभारप्रदर्शनाच्या वेळी तो पत्रावळी मोजायला गेला होता.

दुपारी आईचा फोन. तिनं दोनदा पाहिला होता. विचारलं, हा फेटेवाला गोरा मुलगा कोण? मी म्हटलं, परदेशी शिक्षक.

मग म्हणाली, बरं झालं बाबा. तिकडं तू एकटाच परका, म्हणून मला झोप लागायची नाही. आता दोघं झालात. त्यालाही आई असेल कुठंतरी, जेवायला घेऊन जात जा त्याला.

मी हो म्हटलं.

मग म्हणाली, त्याचा सत्कार झाला ना, आता तुझा कधी? हॉलवाला तारीख विचारतोय.

कळवतो म्हटलं.